दुसऱ्या कडव्याची कसोटी: डाउलंडच्या ल्यूट-गीतांची एक ध्वनिमुद्रिका

ल्यूट ऐकायची तर आधी पंखा बंद करावा लागतो. अर्ध्या चिरलेल्या नासपतीसारखी फुगीर पाठ असलेले, तातीच्या तारांचे हे वाद्य इतक्या हळू आवाजात बोलते की खोलीतली साधी घरघरसुद्धा त्याला झाकून टाकते. गेले काही महिने रात्री साडेदहानंतर, खिडक्या लावून आणि पंखा बंद करून, मी एकच ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. इंग्रज गायक येस्टिन डेव्हिस आणि फ्रेंच ल्यूटवादक थॉमस डनफोर्ड यांची ‘द आर्ट ऑफ मेलन्कली’ ही ध्वनिमुद्रिका हायपेरियन या इंग्रजी कंपनीने २०१४ मध्ये काढली. जॉन डाउलंड (१५६३–१६२६) या एकाच संगीतकाराची गाणी तिच्यात आहेत आणि गाण्यांच्या मधून मधून त्याच्याच एकल ल्यूटवादनाच्या रचना आहेत. डेव्हिस हे काउंटरटेनर आहेत, म्हणजे पुरुष असून स्त्रियांच्या पट्टीत गाणारे. लहानपणी ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या प्रार्थनावृंदात गात असत, आणि लांब ओळ एका श्वासात सरळ धरून ठेवण्याची त्यांची सवय मला त्या शिक्षणाचीच खूण वाटते.

या परीक्षणात मी एकाच प्रश्नाला धरून राहणार आहे. कविता आणि चाल या दोघींना गायकाने एकत्र कसे ठेवले आहे, आणि ज्या ठिकाणी त्या दोघी एकमेकींशी भांडतात त्या ठिकाणी त्याने काय केले आहे? आवाज गोड आहे का, वाजवणाऱ्याचा हात स्वच्छ आहे का, हे प्रश्न या दर्जाच्या कलावंतांच्या बाबतीत पहिल्या पाच मिनिटांतच मिटतात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

इंग्लंडमधल्या ल्यूट-गीत या गीतप्रकाराचे आयुष्य फार लहान होते. डाउलंडचे ‘फर्स्ट बुक ऑफ साँग्ज’ १५९७ मध्ये लंडनला छापले गेले आणि तिथून या गाण्यांच्या पुस्तकांची लाटच आली. जॉन ॲटी या संगीतकाराचे १६२२ चे पुस्तक हे त्या मालिकेतले शेवटचे मानले जाते. म्हणजे सारा मिळून पंचवीस वर्षांचा काळ. डाउलंडचे पहिले पुस्तक मात्र त्याच्या हयातीतच चार वेळा पुन्हा छापावे लागले. त्या पुस्तकांची पाने पाहण्यासारखी आहेत. डाव्या पानावर मुख्य गायकाची ओळ आणि तिच्याखाली ल्यूटची अक्षरलिपी असते. सहा आडव्या रेघांवर लिहिलेली रोमन अक्षरे कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे ते सांगतात आणि वरच्या लहान खुणा किती वेळ थांबायचे ते सांगतात. उजव्या पानावर उरलेल्या तीन आवाजांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेल्या असतात, म्हणजे एकच पुस्तक मेजावर उघडे ठेवून चार जणांनी चार बाजूंनी बसून गावे. एकट्याने ल्यूटवर गा किंवा चौघे मिळून गा, दोन्हीची मुभा त्या पानातच आहे. आज आपण या गाण्यांकडे एका दुःखी माणसाचे स्वगत म्हणून पाहतो, तेव्हा त्यांच्या पोटात ही घरगुती बैठकही आहे हे लक्षात ठेवलेले बरे.

शब्द आणि सूर यांच्या नात्याविषयी त्या काळातल्या लोकांना स्वतःला काय वाटत होते, हे टॉमस कँपियन या माणसाच्या लिखाणातून कळते. तो कवी होता, स्वतःच्या कवितांना स्वतःच चाली लावत होता आणि पुढे वैद्यकीही करत होता. १६१३ च्या सुमारास निघालेल्या आपल्या दोन गीतपुस्तकांच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, आपले शब्द आणि आपले सूर प्रेमाने एकमेकांशी जोडावेत हाच माझा मुख्य हेतू आहे, आणि ज्याची दोन्हींवर हुकमत नाही त्याला हे काम जड जाईल. त्याआधी फिलिप रॉसेटर या ल्यूटवादकाबरोबर त्याने १६०१ मध्ये काढलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक इशारा आहे, आणि तो मला आजच्या गायकांसाठीही मोलाचा वाटतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ सुरात हुबेहूब काढून दाखवणाऱ्या संगीताला तिथे जुन्या प्रहसनांतल्या नटाची उपमा दिली आहे. तो नट ‘आठवते’ म्हणताना डोक्याच्या मागच्या बाजूला बोट लावी आणि ‘पाहतो’ म्हणताना डोळ्यात बोट घाली. ल्यूट-गीत गाणाऱ्याला दोन्ही बाजूंना घसरण्याची भीती असते. तो नुसता सुंदर आवाज काढत राहिला तर कविता विरून जाते, आणि ‘अश्रू’ आला की गळा दाटून आणू लागला, ‘उसासा’ आला की उसासा टाकू लागला, तर गाण्याची रेघ तुटते.

‘फ्लो माय टीअर्स’ या डाउलंडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ही अडचण मुळापासूनच आहे, कारण इथे चाल आधीची आहे आणि शब्द नंतरचे. ‘लॅक्रिमी’ नावाची त्याची पव्हान, म्हणजे संथ नाचाची रचना, एकल ल्यूटवर आधीच लोकप्रिय झाली होती. तिच्यावर शब्द बसवून हे गाणे १६०० च्या दुसऱ्या पुस्तकात आले. डाउलंड तेव्हा डेन्मार्कचा राजा चौथा क्रिस्तियान याच्या नोकरीत होता. ठरलेल्या चालीवर पद रचण्याची ही रीत आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकाला अनोळखी वाटायचे कारण नाही. आणि ज्याने कोणी हे शब्द लिहिले (ते कोणी लिहिले याची नोंद त्या पुस्तकात नाही) त्याने चालीचा स्वभाव किती नीट ओळखला होता, हे पाहण्यासारखे आहे. नाचाचे प्रत्येक चरण दोनदा वाजते, म्हणून पहिल्या दोन कडव्यांना एकच सुरावट येते. तिची सुरुवात चार सुरांनी एकेक पायरी खाली उतरत होते. पहिल्या कडव्यात त्या उतारावर ‘वाहा, माझ्या आसवांनो’ हे शब्द येतात. दुसऱ्या कडव्यात त्याच उतारावर ‘खाली जा, व्यर्थ दिव्यांनो, आता तळपू नका’ अशा अर्थाचे शब्द येतात. दोन्ही वेळा उतार शब्दांचाच वाटतो.

पुढच्या जोडीतली कारागिरी याहून बारीक आहे. तिसऱ्या कडव्यात ‘आसवे, उसासे, कण्हणे’ हे तीन शब्द एकापाठोपाठ येतात, आणि डाउलंडच्या चालीत तिथे तीन तुटक तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वर चढतो, प्रत्येकाच्या मागे एक विसावा आहे, आणि त्या विसाव्यात ल्यूट तोच तुकडा पुन्हा बोलून दाखवते. चौथ्या कडव्यात नेमक्या त्याच तीन जागांवर कवीने ‘भीती, शोक, यातना’ हे तीन शब्द ठेवले आहेत. गायकाला इथे वेगळा अभिनय करायची गरजच नाही. दोन शब्दांमधले रिकामे क्षण त्याने रिकामे राहू द्यावेत, इतकेच पुरते. डेव्हिस ते राहू देतात. त्यांच्या गाण्याचा हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो: विसावा हा श्वास घेण्याची सोय म्हणून न वापरता ते वाक्यातला विराम म्हणून वापरतात. सूर सोडल्यावरही वाक्य संपलेले नाही, हे आपल्याला जाणवत राहते आणि मधला ल्यूटचा तुकडा त्या वाक्यातच मोजला जातो.

आता ज्या गाण्यावरून मी कोणत्याही ल्यूट-गायकाची पारख करतो, त्या ‘कम अगेन’कडे येतो. १५९७ च्या पहिल्या पुस्तकातले हे गाणे वरवर पाहता साधे प्रेमाचे आमंत्रण आहे. पुन्हा ये, प्रेम तुला बोलावत आहे, असे म्हणून झाल्यावर पहिल्या कडव्याच्या शेवटी प्रियकर पाच क्रियापदांची एक शिडी चढतो: पाहणे, ऐकणे, स्पर्श करणे, चुंबन घेणे, मरणे. प्रत्येक क्रियापदासाठी दोनच सूर आहेत, खालून वर मारलेली एक उडी. प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा वरून सुरू होते आणि मधल्या क्षणात ल्यूट मागोमाग चढत येते. शेवटचे ‘मरणे’ सर्वांत उंच जागी आहे. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दाला शरीरसुखाच्या परमोच्च क्षणाचाही अर्थ होता आणि ऐकणाऱ्यांना तो कळत असे. त्यानंतर ‘तुझ्याबरोबर पुन्हा, गोडातल्या गोड सुसंवादात’ अशा अर्थाची ओळ सगळा ताण सोडवत खाली उतरते. इथवर चाल आणि कविता हातात हात घालून चालल्या आहेत. या कडव्यात कोणाचीही परीक्षा होत नाही. गळ्यात सूर असलेला कोणीही माणूस ही शिडी गाऊन श्रोत्याला जिंकू शकतो.

खरी परीक्षा दुसऱ्या कडव्यात आहे. आता प्रेयसी आलेली नाही, तिने तुच्छतेने पाठ फिरवली आहे आणि टाकलेला प्रियकर म्हणतो आहे: मी बसतो, मी उसासतो, मी रडतो, मी मूर्च्छित होतो, मी मरतो. पाच क्रियापदे पुन्हा तीच शिडी चढतात. सूर तेच, उड्या त्याच, ल्यूटचा पाठलाग तोच. फक्त कविता आता उलट्या दिशेने, खाली, चालली आहे. बसलेला माणूस आधी उसासतो, मग रडतो, मग शुद्ध हरपून कोसळतो, आणि हे सगळे चढत्या सुरांवर. पुस्तकात दोन्ही कडव्यांसाठी सुरांची एकच ओळ छापलेली आहे, त्यामुळे या विसंगतीचे काय करायचे ते संगीतकाराने गायकावर सोडलेले आहे.

या ठिकाणी गायक काय काय करतात, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. काही जण दुसरे कडवे पहिल्यासारखेच गातात आणि मग ‘मी मूर्च्छित होतो’ हे शब्द विजयाची आरोळी ठोकल्यासारखे ऐकू येतात. काही जण आवाज लहान करत करत ‘मरतो’वर कुजबुजीपर्यंत येतात. त्याचा पहिल्यांदा परिणाम होतो, पण दुसऱ्यांदा ऐकताना ती युक्ती म्हणून दिसू लागते आणि कँपियनच्या पुस्तकातला तो डोळ्यात बोट घालणारा नट आठवतो. मला पटणारा मार्ग तिसरा आहे. चढ चढच राहू द्यावा, जोरही असू द्यावा, पण क्रियापदाआधीच्या ‘मी’ला वजन द्यावे आणि क्रियापदांच्या आरंभीची व्यंजने जरा अधिक कडक लावावीत, म्हणजे पहिल्या कडव्यातली इच्छेची शिडी दुसऱ्या कडव्यात श्वास लागलेल्या माणसाची धाप बनते. चढण तीच असते, ती चढणाऱ्याची अवस्था बदललेली असते. पहिल्या कडव्यात ‘टु’ हे हलके अव्यय जिथे होते तिथे दुसऱ्यात ‘आय’ हे सर्वनाम आले आहे. कवीने गायकाच्या हाती दिलेली किल्ली एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

डेव्हिस या तिसऱ्या वाटेने जाताना मला ऐकू येतात, पण पुरते टोकापर्यंत जात नाहीत. त्यांचा आवाज वरच्या जागी इतका सहज उघडतो की ‘मरतो’ या शब्दावर पोहोचल्यावर कष्ट झाल्याची खूण उरत नाही. सौंदर्य इथे थोडेसे आडवे येते. याउलट ‘सॉरो स्टे’ या गाण्यात, जिथे कडवी नाहीत आणि चाल पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कवितेबरोबर बदलत जाते, तिथे त्यांचे गाणे मला निर्दोष वाटते. ‘दया’ हा शब्द तिथे पुन्हा पुन्हा येतो, शेवटी ‘खाली, खाली, खाली’ म्हणत चाल उतरत जाते आणि ‘आता पुन्हा कधी उठणार नाही’ हे सांगताना ‘उठणे’ या शब्दावर ती वर वळते. डाउलंडने शब्दाचे चित्र इथे स्वतःच काढून ठेवले आहे. गायकाने त्यात भर घातली तर ते भडक होईल, आणि डेव्हिस भर घालत नाहीत.

डनफोर्ड यांच्या ल्यूटविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण या प्रकारात वादक साथीला बसलेला नसतो. डाउलंडने ल्यूटसाठी जे लिहून ठेवले आहे त्यात तीन-चार ओळी एकाच वेळी चालत असतात आणि एकाच माणसाच्या बोटांनी त्या वेगळ्या ऐकू येतील अशा वाजवायच्या असतात. त्या काळच्या ल्यूटला साधारणतः सहा-सात तारांच्या जागा असत, सर्वांत वरची एकेरी आणि बाकीच्या जोडतारा. तार छेडली की आवाज लगेच विरायला लागतो. तिच्यावर सतारीसारखी मींड घेता येत नाही की सूर लांबवता येत नाही. म्हणून गायकाने लांब सूर धरला की त्याच्याखाली ल्यूट चालतीच राहते, आणि गाणाऱ्याच्या स्थिर सुराला काळाची जाणीव तिच्या पावलांमुळे येते. डनफोर्ड हे पाऊल कधी किंचित रोखतात, कधी कडव्याच्या पुनरावृत्तीत मधल्या जागा छोट्या हरकतींनी भरतात. छापील पानावर नसलेल्या या हरकती त्या काळच्या वादकांकडूनही अपेक्षितच असत. एक-दोन ठिकाणी त्यांची कल्पकता शब्दांच्या पुढे धावते आणि माझे कान कवितेवरून उडून बोटांकडे जातात, हेही सांगितले पाहिजे. पण ‘कॅन शी एक्स्क्यूज’ या गाण्यात त्यांच्या ठेक्याने मी थक्क झालो. ही गॅलिअर्ड नाचाची चाल आहे. सहा मात्रांचे भाग ती कधी तीन-तीन असे करते आणि कधी दोन-दोन-दोन, आणि इंग्रजी वाक्यातला नैसर्गिक आघात कधी एका विभागणीवर बसतो तर कधी दुसरीवर. ‘तिच्या अन्यायावर ती सद्गुणाचे पांघरूण घालू शकेल काय?’ असे रागाने विचारणारा माणूस सरळ तालात बोलत नाही, अडखळत आणि उसळत बोलतो. गायकाने बोलण्याचा आघात सांभाळायचा आणि वादकाने नाचाचा, आणि दोघांनी एकमेकांना सोडायचे नाही, अशी ती कसरत आहे. इथे ती दोघांनाही साधली आहे. याच चालीला डाउलंडने १६०४ च्या आपल्या वाद्यसंगीताच्या पुस्तकात अर्ल ऑफ एसेक्सचे नाव दिले. तोवर पहिल्या एलिझाबेथ राणीचा एके काळचा लाडका एसेक्स १६०१ मध्ये शिरच्छेद होऊन गेला होता.

दोष सांगायचे तर पहिला उच्चारांचा. काउंटरटेनरच्या वरच्या पट्टीत स्वर मोकळे होतात आणि व्यंजने मागे पडतात. डेव्हिस या बाबतीत बहुतेकांपेक्षा बरेच चांगले आहेत, तरीही चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता हातात कागद नसताना मराठी कानाला पूर्ण कळेल अशी खात्री मी देऊ शकत नाही. दुसरा दोष निवडीचा. नावातच विषाद आहे हे मान्य, पण एका बैठकीत सबंध ध्वनिमुद्रिका ऐकली की संथ गाण्यांचा रंग एकमेकांत मिसळू लागतो. मी आता एका वेळी चार गाण्यांच्या पुढे जात नाही, आणि मध्ये एखादी एकल रचना हमखास ठेवतो.

शब्दांसाठीच ऐकायचे असेल तर पीटर पेअर्स (१९१०–१९८६) आणि ज्युलियन ब्रीम (१९३३–२०२०) यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांकडे जावे. पेअर्स हे टेनर, म्हणजे पुरुषांच्या नेहमीच्या वरच्या पट्टीत गाणारे. त्यांचा आवाज सर्वांना आवडणारा नाही, पण कविता वाचून, तिचे व्याकरण समजून मग गायला बसलेला माणूस कसा गातो हे त्यांच्याकडून शिकावे. कोणता शब्द वाक्याचा कणा आहे हे त्यांच्या गाण्यातून कागदाशिवाय कळते. ब्रीम त्या काळी नखांनी वाजवत आणि त्यांची ल्यूट आजच्या ल्यूटपेक्षा जड बांधणीची होती. त्यामुळे तिचा आवाज गिटारकडे झुकतो आणि आज ऐकताना थोडा टणक वाटतो, पण त्यांच्या वाजवण्यात जी निकड आहे तिची उणीव मला पुढच्या अनेक वादकांत भासली आहे.

गायिका एमा कर्कबी आणि ल्यूटवादक अँथनी रूली यांची वाट वेगळी आहे. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेल्या कर्कबी यांचा आवाज जवळजवळ कंपरहित, सरळ आणि काचेसारखा स्वच्छ. त्यात स्वर आणि व्यंजन दोन्ही एकाच उजेडात दिसतात. रूली यांच्या ‘कन्सॉर्ट ऑफ म्यूझिक’ या संस्थेने १९७० च्या दशकात डाउलंडच्या संपूर्ण रचना ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले आणि पुढे त्या बारा सीडींच्या संचात एकत्र निघाल्या. त्या संचात काही गाणी मूळ पानावर आहेत तशी अनेक आवाजांत ऐकायला मिळतात. मेजाभोवती बसलेल्या माणसांचे गाणे ऐकायचे असेल तर तो संच मिळवावा. मला स्वतःला तिथे भावना कधी कधी फार धुतलेली वाटते, पण शब्द आणि सूर समान वजनाचे ठेवण्यात त्यांच्याइतका तोल दुसऱ्या कोणाकडे आढळला नाही.

स्टिंग या रॉक गायकाने बोस्नियाच्या एडिन करामाझोव्ह यांच्या ल्यूटबरोबर २००६ मध्ये काढलेली ध्वनिमुद्रिकाही इथे घेतली पाहिजे, कारण आपल्याकडच्या अनेकांनी डाउलंड पहिल्यांदा तिच्यावरच ऐकला. शास्त्रशुद्ध तालमीच्या कानाला तिथला खरबरीत, जवळून मुद्रित केलेला आवाज खटकतो आणि काही ठिकाणी एकाच गळ्याचे थर चढवलेले आवडत नाहीत. माझे मत याहून मऊ आहे. ती गाणी तो एका खोलीत, एका माणसासाठी गातो, आणि ल्यूटचे आकारमान पाहता मोठ्या सभागृहासाठी तयार केलेल्या आवाजापेक्षा हे अधिक जवळचे आहे. डाउलंडने १५९५ मध्ये राणीचा मंत्री रॉबर्ट सेसिल याला लिहिलेल्या पत्रातले उतारे तो गाण्यांच्या मधे वाचतो, आणि त्यामुळे गाण्यांच्या मागे नोकरीसाठी देशोदेशी हिंडलेला एक अस्वस्थ माणूस उभा राहतो. पण ‘कम अगेन’च्या दुसऱ्या कडव्याच्या कसोटीवर तो उतरत नाही. शिडी दोन्ही वेळा सारखीच चढली जाते.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. हायपेरियनचा संग्रह कित्येक वर्षे फक्त सीडी आणि डाउनलोड या रूपातच मिळत असे. २०२३ मध्ये कंपनी युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीकडे गेल्यावर तो स्ट्रीमिंगवर येऊ लागला, त्यामुळे आता परदेशातून सीडी मागवायची आवश्यकता राहिलेली नाही. तरीही या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मी सीडी घ्या असेच म्हणेन, आणि ते केवळ पुस्तिकेसाठी. तिच्यात प्रत्येक गाण्याचे शब्द छापलेले आहेत, आणि शब्दांशिवाय ल्यूट-गीत ऐकणे म्हणजे अर्धेच गाणे ऐकणे. याचा मला एकदा चांगलाच अनुभव आला. एका ऑनलाइन दुकानातून मी ल्यूट-गीतांचा जुना संग्रह मागवला होता. आला तेव्हा डबीत फक्त तबकडी आणि गाण्यांच्या नावांचा एक दुमडलेला कागद होता, कवितांचा पत्ता नव्हता. तक्रारीला उत्तर आले की वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे. शेवटी दोन रविवार घालवून मी सगळ्या कविता शोधून वहीत उतरवल्या. त्या लिहिताना ‘कम अगेन’च्या दोन्ही कडव्यांतली पाच-पाच क्रियापदे एकाखाली एक आली आणि कवीने काय केले आहे ते मला पहिल्यांदा दिसले.

आवाजाची पातळीही सांगून ठेवतो. ध्वनिमुद्रकाने गायक आणि ल्यूट यांच्यात ठेवलेले अंतर नैसर्गिक आहे, म्हणून गाण्यातला सर्वांत मोठा क्षण सुखाने ऐकू येईल इतपतच आवाज ठेवावा आणि ल्यूट तिच्या मापाने लहान राहू द्यावी. ती नीट ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की गायक अंगावर येतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत लावू नये. कानातल्या साध्या इअरफोनवरसुद्धा ते कितीतरी चांगले पोहोचते.

शेवटी ‘इन डार्कनेस लेट मी ड्वेल’ या गाण्याविषयी. डाउलंडचा मुलगा रॉबर्ट याने १६१० मध्ये संपादित केलेल्या संग्रहात ते पहिल्यांदा आले. मला अंधारात राहू द्या, जमीन दुःखाची असेल, छप्पर निराशेचे, भिंती काळ्या संगमरवराच्या आणि सदा ओल्या, असे एक घरच कवी बांधत जातो. ‘माझे संगीत म्हणजे नरकातले कर्कश आवाज’ या ओळीवर सूर एकमेकांना खरोखर घासतात. ल्यूट आधी एकटीच सुरू होते आणि गायक तिच्यात उशिरा, जणू आधीपासून चाललेल्या विचारात, शिरतो. कविता पूर्ण होते, मरण येईपर्यंत जिवंतपणी मरत राहू द्या असे सांगून होते, चालही मुक्कामाला येते. कवीचे काम तिथे संपलेले आहे. पण डाउलंड गायकाला पुन्हा पहिल्या ओळीकडे नेतो, ‘अंधारात मला राहू द्या’ हे शब्द पुन्हा येतात आणि या वेळी ल्यूट मध्येच थांबते. शेवटचा सूर गायकाने एकट्याने, आधाराशिवाय आणि मुक्कामाला न पोहोचता सोडायचा असतो. इथे हरकत घेणारे, सूर मोठा करणारे, उसासा जोडणारे गायक मी ऐकले आहेत. डेव्हिस तो सूर लावतात आणि सोडून देतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा ध्वनिमुद्रणात काही बिघाड झाला असावा असे वाटून मी उठून यंत्राकडे गेलो होतो.